मीटिंगमध्ये सगळे गप्प, पार्किंगमध्ये सगळे वाघ: बाबा घाबरट आहेत का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तू एसवायबीएला सायकॉलॉजी घेतलंयस, सोशल सायकॉलॉजीच्या पुस्तकात नुसता व्याख्यांचा ढीग आहे, आणि मागच्या महिन्यात सोसायटीच्या एजीएमला तू बाबांबरोबर गेलीस. 48 फ्लॅटची सोसायटी, तीसेक माणसं हजर, बिल्डिंगच्या रंगकामाचं कंत्राट चेअरमनच्या ओळखीच्या माणसाला, कोटेशन एकच, आणि ठराव पाच मिनिटांत 'सर्वानुमते मंजूर'. मग खाली पार्किंगमध्ये अर्धा तास सगळे तावातावाने बोलत होते की हे चुकीचं झालं, त्यात तुझे बाबा सगळ्यात पुढे. तुझे प्रश्न तीन: लोक एवढे दुटप्पी कसे, बाबा घाबरट आहेत का, आणि याला पुस्तकातला नेमका कुठला शब्द लावायचा, कन्फॉर्मिटी (म्हणजे गटाचं बघून तसंच वागणं) की बायस्टँडर इफेक्ट (म्हणजे बघणारे जास्त असले की कोणीच पुढे न येणं).

मी 22 वर्षं कॉलेजात सायकॉलॉजी शिकवतेय आणि त्यातली निम्मी वर्षं बचत गट, सोसायट्या, एमआयडीसीतल्या कारखान्यांची सेफ्टी ट्रेनिंग्ज असं बाहेरही फिरतेय, त्यामुळे पुस्तकातलं आणि पुस्तकाबाहेरचं दोन्ही मिसळून सांगते. लांबेल, चहा घेऊन बस.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो प्रश्नच खरा धडा आहे. तू एक प्रसंग पाहिलास, बाबा गप्प बसले, आणि लगेच स्वभावावर गेलीस. घाबरट. बाकीचे तीस लोक, दुटप्पी. हे आपण सगळेच करतो, दिवसातून वीस वेळा करतो, आणि याच सवयीला ली रॉस या माणसाने 1977 साली 'फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर' असं भारदस्त नाव दिलं. म्हणजे समोरच्याच्या वागण्याचं कारण शोधताना त्याच्या स्वभावाला जास्त मार्क द्यायचे आणि प्रसंगाला कमी. त्याच्या दहा वर्षं आधी जोन्स आणि हॅरिस यांनी एक साधा प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांनी लिहिलेले निबंध लोकांना वाचायला दिले, काही फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने, काही विरुद्ध. आणि वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं की बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, त्याला नेमून दिली होती. तरी लोकांना वाटतच राहिलं की ज्याने कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिलंय तो मनातून थोडा तरी कॅस्ट्रोवाला असणारच! वक्तृत्व स्पर्धेत पोराला 'मोबाइल शाप' हा विषय मिळाला आणि तो तडाखेबंद बोलला की शेजारच्या काकू म्हणतात ना, काय गुणी मुलगा, मोबाइलला हात लावत नसेल, तसंच.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण आपल्या पुस्तकांत ती एका ओळीत उरकतात. जोन मिलर नावाच्या बाईंनी 1984 मध्ये शिकागोचे अमेरिकन आणि आपल्या म्हैसूरचे हिंदू यांची तुलना छापली. त्यातला एक प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगते: एक वकील मोटरसायकलवरून कोर्टात चाललाय, मागे मित्र बसलाय, टायर फुटतो, मित्र पडून डोक्याला लागतं, वकील त्याला हॉस्पिटलात सोडतो, किती लागलंय हे डॉक्टरांना नीट न विचारता कोर्टात निघून जातो, आणि मित्र नंतर दगावतो. अमेरिकन मोठी माणसं बहुतेक म्हणाली, वकील बेजबाबदार. म्हैसूरचे लोक म्हणाले, त्याचं कोर्टात जाणं हे त्याचं कर्तव्यच होतं, अशिलाचं काय झालं असतं, आणि तो गोंधळलाही असेल, जखम वरून तेवढी दिसली नसेल. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडची लहान मुलं जवळपास सारखीच उत्तरं देत होती, फरक वय वाढत गेलं तसा वाढला. म्हणजे स्वभावावर बोट ठेवायची सवय काही जन्मजात नाही, शिकलेली आहे. त्यामुळे ते 'फंडामेंटल' प्रकरण मी जरा मीठ घालूनच शिकवते.

स्वभाव विरुद्ध प्रसंग यातला सगळ्यात बोचरा प्रयोग मात्र 1973 चा, डार्ली आणि बॅटसन यांचा. प्रिन्स्टनमध्ये पाद्री व्हायला शिकणारे विद्यार्थी. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं, काहींचा विषय तर बायबलमधली वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट हाच. मध्ये बोळात एक माणूस खोकत, कण्हत पडलेला, अर्थात नाटक. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले 63 टक्के थांबले, ज्यांना थोडी घाई होती त्यातले 45, आणि ज्यांना सांगितलं होतं की तुला उशीर झालाय पळ, त्यातले फक्त 10 टक्के. कोण किती धार्मिक, कशासाठी धार्मिक, याने थांबण्या-न थांबण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घड्याळाने पडला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला स्वतःचा भयंकर राग आला होता कारण त्याच आठवड्यात पेपर तपासायला पोचायचं म्हणून मी एका पडलेल्या स्कूटरवाल्याला बाजूने टाळून गेले होते.

तर आता बाबा. त्या हॉलमध्ये बाबांना काय दिसत होतं असा प्रश्न विचारायचा. ठराव वाचला गेला, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, कोणाची हरकत? आणि बाबांनी काय केलं असेल, तर इकडेतिकडे पाहिलं. इथे कन्फॉर्मिटी येते, मराठी पुस्तकात अनुरूपता म्हणतात. सॉलोमन ॲशचा रेषांचा प्रयोग तुला पाठ असेलच, 1951 पासून त्याने तो बऱ्याच वेळा केला. समोर एक रेष, शेजारी तीन रेषा, त्यातली सारखी कुठली ते सांगायचं, उत्तर आंधळ्यालाही दिसेल इतकं उघड, पण खोलीतले बाकी सगळे ॲशचेच लोक आणि ते ठरवून चुकीचं सांगतात. पुस्तकं हा प्रयोग अशा थाटात सांगतात की माणूस म्हणजे मेंढरू. प्रत्यक्षात आकडे बघ. गटाच्या दबावाखाली दिलेल्या उत्तरांपैकी साधारण 37 टक्के चुकीची होती, म्हणजे 63 टक्के वेळा माणूस एकटा पडूनही बरोबर तेच बोलला. चारातला एक जण तर एकदाही वाकला नाही. हो, चारातले तीन कधी ना कधी वाकले हेही खरं. पण ॲशला स्वतःला जितकं नवल वाकण्याचं तितकंच न वाकण्याचं होतं, आणि ते पुस्तकं गाळतात.

आणि माझ्या मते त्या प्रयोगातली सगळ्यात कामाची गोष्ट ही नाहीच. ती अशी की खोलीत एक, फक्त एक माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला की वाकण्याचं प्रमाण धाडकन खाली आलं, चौथ्या हिश्श्याच्या आसपास. हे लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे.

डॉइच आणि जेरार्ड यांनी 1955 मध्ये याची दोन कारणं वेगळी काढली, आणि परीक्षेत यावर हमखास टीपा लिहा येतं. एक, लोक वाईट म्हणतील, वेगळं पाडतील म्हणून मान डोलावणं. दोन, अरे सगळे एवढे शांत आहेत म्हणजे त्यांना काहीतरी माहीत असेल जे मला माहीत नाही, असं समजून मान डोलावणं. पहिली भीती, दुसरी माहिती. आपण बाहेरून बघताना कायम पहिलीच धरतो, घाबरला. पण सोसायटीच्या मीटिंगांत मी इतकी वर्षं जे बघतेय त्यात दुसरी खूप असते. 'कमिटीने तीन कोटेशन बघितलीच असतील', 'त्या पहिल्या मजल्यावरच्या सीए बाई गप्प आहेत म्हणजे हिशोब ठीक असणार.' आणि सीए बाई काय विचार करतायत? की इंजिनिअर साहेब गप्प आहेत म्हणजे कामाचा दर्जा बघितलेला दिसतोय. इंजिनिअर साहेबांना घरी पाहुणे आलेत, त्यांचं अर्धं लक्ष फोनवर.

आता तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर आलं. तू दिलेले दोन्ही शब्द जवळचे आहेत पण नेमका शब्द तिसराच आहे, प्लुरलिस्टिक इग्नोरन्स. फ्लॉइड ऑलपोर्ट आणि त्याचा विद्यार्थी कॅट्झ यांनी 1931 मध्ये तो वापरात आणला. वर्गात मी त्याला 'सगळ्यांचा मिळून एकमेकांबद्दलचा गैरसमज' म्हणते. प्रत्येकाचं मनातलं मत एक, पण प्रत्येकाला वाटतं की असं मत फक्त माझंच, बाकीच्यांचं उलटं, म्हणून प्रत्येक जण गप्प, आणि त्या गप्प बसण्याकडे बघून प्रत्येकाचा गैरसमज आणखी पक्का. कन्फॉर्मिटीत माणूस खऱ्या बहुमतापुढे वाकतो, इथे तो नसलेल्या बहुमतापुढे वाकतो. तुमच्या हॉलमध्ये ठरावाच्या बाजूने बहुमत नव्हतंच गं, पार्किंगने तेच सिद्ध केलं.

याची मोठी गंमत अशी की स्वतःच्या गप्प बसण्याचं कारण प्रत्येकाला ठाऊक असतं, मी भिडस्त आहे, मला नीट माहिती नाही, मला उगाच वाद नको. पण दुसऱ्याचं गप्प बसणं आपण 'त्याला पटलंय' असं वाचतो. तेच मौन, दोन वेगळे अर्थ. मिलर आणि मॅकफार्लंड यांनी 1987 मध्ये विद्यार्थ्यांना मुद्दाम अगम्य लिहिलेला लेख वाचायला दिला आणि सांगितलं अडलं तर येऊन विचारा. कोणी आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, मला कळला नाही, पण बाकीच्यांना कळला असेल, मी लाजेखातर गेलो नाही पण ते मात्र गरजच नाही म्हणून गेले नाहीत.

माझा स्वतःचा किस्सा, नोकरीचं दुसरं वर्ष. स्टॅटिस्टिक्सचा तास, काय-स्क्वेअर शिकवताना मी सूत्रात खाली-वर उलटं लिहिलं, अपेक्षित वारंवारतेच्या जागी निरीक्षित, आणि अर्धा तास तसंच पुढे गेले. समोर साठ मुलं. मधून मधून मी विचारतेय, कळलं ना? साठ माना डोलतायत. उत्तर पुस्तकाशी जुळेना तेव्हा मी म्हटलं पुस्तकात छपाईची चूक आहे!! पुढच्या दिवशी एका मुलीने स्टाफरूममध्ये येऊन हळूच वही दाखवली, मॅडम हे असं आहे का. मी वर्गात जाऊन विचारलं, काल कोणाकोणाला शंका आली होती, खरं सांगा, चिठ्ठीवर लिहा, नाव नको. 41 चिठ्ठ्यांवर 'हो' होतं. साठातले एक्केचाळीस! आणि प्रत्येकाला वाटत होतं आपलंच डोकं चालत नाहीये. त्या दिवसापासून मी वर्गात 'कळलं ना' हा प्रश्न विचारणं बंद केलं, आता 'कुठे अडलं ते एक-एक वाक्य लिहा' म्हणते.

हे वर्गापुरतं आणि सोसायटीपुरतं असतं तर ठीक होतं, पण हाच प्रकार मोठमोठ्या रूढी उभ्या ठेवतो. रियाधमध्ये बुर्स्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2020 मध्ये छापून आला. सौदीतल्या तरुण नवऱ्यांना खाजगीत विचारलं, बायकांनी घराबाहेर काम करावं का, तर प्रचंड बहुसंख्य हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या या खोलीतल्या बाकीच्यांपैकी किती जण हो म्हणतील असं वाटतं, तर बहुतेकांनी खऱ्या आकड्याहून कमी आकडा धरला. मग अर्ध्या लोकांना खरा आकडा सांगितला, फक्त सांगितला, भाषण नाही उपदेश नाही, आणि त्या नवऱ्यांनी बायकोचं नाव नोकरीच्या सेवेत नोंदवायचं प्रमाण वाढलं. काही महिन्यांनी बघितलं तर त्या बायकांनी नोकरीसाठी अर्जही जास्त केले होते, मुलाखतीही जास्त दिल्या होत्या.

मला हे वाचताना हेरवाड आठवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं गाव, मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने लगेच सगळ्या घरातलं बदलतं असं मी म्हणत नाही. पण बचत गटांच्या बैठकांत मी बायकांना एकेकट्या विचारलंय, तुम्हाला ते बांगड्या फोडणं बघवतं का, आणि 'नाही हो ताई, पोटात गोळा येतो' याशिवाय दुसरं उत्तर फार क्वचित ऐकलंय. मग करता का? 'लोक काय म्हणतील.' आणि ते लोक म्हणजे कोण, तर शेजारी बसलेली, जी मला पाच मिनिटांपूर्वी हेच म्हणाली. ग्रामसभेच्या ठरावाचं बळ कायद्याचं नाही, ते हे की सगळ्यांनी सगळ्यांना हात वर करताना बघितलं. माझं हे वाचन आहे, कोणी मोजमाप केलेलं नाही, पण सोशल सायकॉलॉजीत 'सामाजिक प्रमाणके' हा जो कोरडा धडा आहे तो मला तरी या गावाशिवाय शिकवता येत नाही.

आता बायस्टँडर इफेक्ट, कारण तू विचारलंस. तो यापासून फार लांब नाही. लाताने आणि डार्ली यांचा 1968 चा धुराचा प्रयोग: खोलीत बसून फॉर्म भरायचा, भिंतीतल्या झरोक्यातून धूर यायला लागतो. एकटा असेल तर 75 टक्के लोक उठून सांगायला गेले. सोबत दोन जण ठरवून गप्प बसलेले असतील तर फक्त 10 टक्के. खोली धुराने भरली, डोळे चोळतायत, खोकतायत आणि फॉर्म भरतायत. नंतर विचारलं तर म्हणाले, वाटलं वाफ असेल, एसीचं काहीतरी असेल. घाबरट नव्हते ते, त्यांना खरंच वाटलं की धोका नाही, कारण बाकीचे शांत होते. हा आपला गैरसमजाचाच प्रकार. त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट असते, जबाबदारी वाटली जाणं, म्हणजे एवढे जण आहेत, कोणीतरी फोन केलाच असेल. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात इंटरकॉमवर कोणाला तरी फिट आल्याचा आवाज ऐकवला, ऐकणाऱ्याला वाटलं आपण एकटेच ऐकतोय तर 85 टक्के मदतीला उठले, आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं तर 31 टक्के. कारखान्यातल्या ट्रेनिंगला मी हे दोन्ही आकडे फळ्यावर लिहिते आणि मग विचारते, गेल्या महिन्यात त्या गळणाऱ्या व्हॉल्व्हची तक्रार कोणी लिहिली? शांतता. एकदा एक फोरमन म्हणाला, मॅडम, गळतंय हे सगळ्यांनाच माहितीय की. मी म्हटलं, म्हणूनच.

एक सावधगिरी. या विषयाची सुरुवात पुस्तकं किटी जेनोव्हीजच्या खुनाने करतात, न्यूयॉर्क, 13 मार्च 1964, 38 शेजारी अर्धा तास बघत राहिले आणि कोणी फोन केला नाही. ही गोष्ट अशी घडलेली नाही. खून झाला, काही लोकांनी कानाडोळाही केला, पण 38 जण खिडकीतून बघत बसले हे खरं नाही, बहुतेकांना अर्धवट काहीतरी ऐकू आलं होतं, आणि एक शेजारीण तर खाली धावत जाऊन शेवटपर्यंत तिला धरून बसली होती. ज्या वर्तमानपत्राने ती बातमी गाजवली त्यानेच 2016 मध्ये ती सदोष असल्याचं कबूल केलं. आणि अलीकडे तीन देशांतल्या शहरांच्या सीसीटीव्हीतली 219 भांडणं अभ्यासकांनी बसून बघितली, तर दहातल्या नऊ भांडणांत कोणी ना कोणी मध्ये पडलंच होतं. तेव्हा परीक्षेत जेनोव्हीज लिहायचं तर या दुरुस्तीसह लिही, चांगला परीक्षक खूश होईल. तसंच 1971 च्या स्टॅनफर्ड तुरुंगाचं, म्हणजे विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवून केलेल्या प्रयोगाचं. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या हे आता बाहेर आलंय, त्यामुळे 'वर्दी घातली की माणूस राक्षस होतो' याचा पुरावा म्हणून तो मी वापरत नाही.

तू पुढे सहज लिहिलंयस की बाबा फॅमिली ग्रुपवर काकांचे काहीबाही फॉरवर्ड आले तरी काही बोलत नाहीत. तोही हाच धागा आहे, आणि इथे सायकॉलॉजीच्या इतिहासात भारताचं मोठं योगदान आहे जे आपल्याच मुलांना माहीत नसतं. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. त्यानंतर पाटण्याच्या बाजूला उठलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी त्यावर निबंध छापला. त्यात चमत्कारिक गोष्ट ही की ज्या भागात धक्का जोरात बसला पण पडझड झाली नव्हती, तिथे अफवा आणखी भयंकर संकटांच्या होत्या, पूर येणार, प्रलय होणार, अमुक तारखेला पुन्हा हादरणार. घाबरलेल्या माणसाला धीर देणाऱ्या अफवा पसरायला हव्यात ना, आणखी घाबरवणाऱ्या का? याच कोड्यावर लिऑन फेस्टिंजर अमेरिकेत बसून डोकं खाजवत होता आणि त्यातून त्याला सुचलं की भीती आधीच पोटात बसलीय, पण डोळ्यासमोर कारण दिसत नाहीये, म्हणून लोक भीतीला शोभेल असं कारण तयार करतात. दुर्गानंद सिन्हांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर गोळा केलेल्या माहितीत, जिथे लोकांनी उद्ध्वस्त घरं डोळ्यांनी बघितली होती, तिथे तशा अफवा नव्हत्या. या कोड्यातून पुढे 1957 ची 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स'ची थिअरी उभी राहिली, की मनातल्या दोन गोष्टी जुळेनाशा झाल्या की ते बोचतं आणि माणूस त्या कशातरी जुळवून घेतो. म्हणजे जगभर शिकवली जाणारी ही थिअरी आपल्या एका भूकंपाच्या हादऱ्यातून निघालीय.

आणि अफवेत गप्प बसण्याची किंमत काय असते ते आपण धुळे जिल्ह्यात पाहिलंय. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजार, मुलं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सॲपवर आठवडेभर फिरलेली अफवा, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. मारणाऱ्यांबद्दल सगळे बोलतात. मला त्याआधीचे दिवस दिसतात, शेकडो ग्रुप, प्रत्येकात दोनचार तरी जण ज्यांना वाटलं की हे खोटं असणार, पण कुठे बोलायचं, मोठी माणसं आहेत, ग्रुपचं वातावरण खराब होईल. आणि त्यांचं गप्प बसणं बाकीच्यांनी वाचलं ते 'खरं असणार' असं.

डिसोनन्सवर आलोच आहोत तर तुला एक भाकीत करून ठेवते. रंगकाम संपलं की बाबा म्हणतील, एवढं काही वाईट झालं नाही, बरं दिसतंय. चिडू नकोस. 1959 मध्ये फेस्टिंजर आणि कार्लस्मिथ यांनी स्टॅनफर्डच्या मुलांना तासभर खुंट्या फिरवण्यासारखं रटाळ काम दिलं आणि मग पुढच्या विद्यार्थ्याला 'काम मजेदार आहे' असं खोटं सांगायला लावलं, काहींना 1 डॉलर देऊन, काहींना 20. ज्यांना 20 मिळाले त्यांना स्वतःला समजवायची गरज नव्हती, पैशासाठी बोललो. ज्यांना एकच डॉलर मिळाला ते नंतर खरंच म्हणायला लागले की काम तसं बरं होतं. कारण एका डॉलरसाठी मी खोटं बोललो हे पचवण्यापेक्षा काम बरं होतं हे पचवणं सोपं. बाबांना तर गप्प बसल्याचे एक रुपयाही मिळालेले नाहीत, त्यांना स्वतःला जास्तच समजवावं लागणार. म्हणून हरकत घ्यायची असेल तर रंग लागण्याआधी, महिन्याभरात.

आता करायचं काय. 'बाबा, पुढच्या वेळी हिंमत करा' असं म्हणू नकोस, त्याने फक्त अपराधीपणा येतो. ॲशच्या खोलीतला तो एक माणूस आठव. मिलग्रॅमच्या शॉकच्या प्रयोगातही हेच झालं, ज्यात 'शिक्षक' बनवलेल्या माणसाला हुकमावरून दुसऱ्याला वाढत्या व्होल्टचे झटके द्यायचे असत, अर्थात झटके खोटे. सगळे 450 व्होल्टचा 65 टक्क्यांचा आकडा सांगतात, पण दुसऱ्या एका फेरीत शेजारी बसलेल्या दोन 'शिक्षकांनी' मध्येच नकार दिला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे 40 पैकी 4 उरले. म्हणजे बाबांना धैर्य नको, जोडीदार हवा. पार्किंगमध्ये जे बोलत होते त्यातल्या दोघांशी आधी ठरवायचं, मी हात वर केला की तुम्ही नुसतं 'माझाही तोच प्रश्न आहे' एवढंच म्हणा. आणि बोलायचं ते आरोप करून नाही, 'बाकीची दोन कोटेशन बघायला मिळतील का' असा प्रश्न करून, कारण प्रश्नाला दुजोरा देणं आरोपाला दुजोरा देण्यापेक्षा शंभर पट सोपं असतं. मीटिंगच्या आधी सेक्रेटरीला लेखी पत्र द्यायचं म्हणजे विषय अजेंड्यावर येतो, नाहीतर सगळं 'अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांत' ढकललं जातं आणि तोवर निम्मे लोक वडा-चहाकडे गेलेले असतात.

कमिटीतलं कोणी ऐकणारं असेल तर दोन बदल सुचव. पैशाच्या विषयावर हात वर करण्याऐवजी चिठ्ठी, ॲशनेही उत्तर मनात ठेवून कागदावर लिहायला लावलं तेव्हा वाकणं बरंच घटलं होतं. आणि चेअरमनने आपलं मत शेवटी सांगायचं. एका सोसायटीत मी हे दोन वर्षांपूर्वी करून घेतलं, नाव सांगत नाही, लिफ्टच्या कंत्राटावर चिठ्ठ्या टाकल्या तर 'सर्वानुमते' होऊ घातलेला ठराव 19 विरुद्ध 8 ने पडला, आणि सगळ्यात जास्त आश्चर्य चेअरमनलाच वाटलं, त्या बिचाऱ्याला खरंच वाटत होतं की सगळे आपल्या बाजूने आहेत. तोही त्याच गैरसमजात होता ना.

हो, आणि बाबांना एक विचार, ते त्या दिवशी कुठल्या रांगेत बसले होते. लग्नाच्या हॉलसारख्या एकामागे एक खुर्च्या लावल्या की पुढच्याला फक्त कमिटी दिसते आणि मागच्याला फक्त पाठी, चेहरा कोणाचाच कोणाला दिसत नाही. पुढच्या मीटिंगला दहा मिनिटं आधी जा आणि वॉचमन काकांच्या मदतीने खुर्च्या गोल लाव.